खंडेनवमीची सीडी

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो ताईसारखाच आला, म्हणजे चार दिवसांसाठी म्हणून आला आणि राहिला. देऊळगाव राजाच्या बसस्टँडमागे एका बाईंचा टायपिंगचा क्लास होता. ताई लग्नाआधी तिथं मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग शिकली होती. बाईंनी क्लास बंद करून नाशिकला लेकाकडे जायचं ठरवलं तेव्हा त्यांची सगळी मशीनं विकली गेली, एक म्हातारं मशीन तेवढं कोणी घेईना. "उज्ज्वला, तुझ्याकडं ठेव, गिऱ्हाईक आलं की सांगते," म्हणून त्यांनी ते रिक्षात घालून आमच्याकडे पाठवलं. गिऱ्हाईक काही आलं नाही. मधल्या खोलीत ज्वारीच्या कोठीशेजारी ते बसलं, आईनं त्याच्यावर स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल घातला, आणि महिन्याभरात त्याच्या डोक्यावर कंगवा, फुलवातींचा डबा आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या असा सगळा संसार मांडला गेला.

ताई त्याच्या थोडी आधी आली होती. तिला मेहकरला दिली होती. घर चांगलं, शेती ओलिताची, सासरे देवमाणूस, नवऱ्याचं खता-बियाण्यांचं दुकान. नागपंचमीला आली तेव्हा "पोळ्यापर्यंत राहते" म्हणाली. पोळा झाला, महालक्ष्म्या जेवून गेल्या, दिवाळी झाली, दुसरी नागपंचमी आली तरी तिची बॅग आमच्या पलंगाखालून हलेना. घरात कोणाला काही कळत नव्हतं, आणि मला तर त्याहून नाही, कारण मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असले तरी घरात माझं नाव बेबी होतं, आणि बेबी आली की बोलणं थांबायचं. पण एकदा मी स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत असताना बाबांनी बैठकीत तिला समोर बसवून विचारलेलं मी ऐकलं. बाबा पंचायत समितीत कारकून. त्यांचं विचारणंसुद्धा कचेरीतल्यासारखं, एकेक रकाना भरत जाणारं.

"मारते का तो?"

"नाही."

"पेते?"

"नाही."

"बाहेर काही हाये का त्याचं?"

"नाही बाबा."

"मंग काय हाये?"

 ताई म्हणाली, "तो बोलत नाही माह्याशी. वर्षाच्या वर झालं. ताट ठेवलं का जेवते आन् जाते. मी खोलीत आहे का नाही, त्याले फरक पडत नाही."

 मारहाण, दारू, बाई या तिन्हीला काय करायचं ते बाबांना माहीत होतं, चार माणसं बसवायची, समजूत घालायची, वेळ पडली तर आवाज चढवायचा. न बोलण्याला काय करतात? ते उठून मोरीवर पाय धुवायला गेले. आईही त्या दिवशी उगाच भांडी आपटत होती. "बोलत नाही म्हणून कोणी नांदणं सोडते काय," असं ती मला म्हणाली, आणि लगेच, "बेबी, हे बाहेर बोलू नको." मला खरंच कळत नव्हतं की ही गोष्ट मोठी आहे की लहान. आज माझ्या लग्नाला पंचवीसच्या घरात वर्षं झाली, माझा नवरा एक मिनिट गप्प बसत नाही, आणि कधीकधी त्याच्या बडबडीचा इतका वैताग येतो की विचारू नका. पण अशा वेळी मला ताईचं ते वाक्य आठवतं आणि मी निमूट त्याला चहा करून देते.

तर ताईनं एक दिवस मशीनवरचा कंगवा, वाती, गोळ्या सगळं उचलून कोनाड्यात ठेवलं आणि वायर जोडली. आधी शाळांच्या प्रश्नपत्रिका, मग कोणाचे अर्ज, बचतगटाचे ठराव, आणि हळूहळू लग्नपत्रिकांचा आतला मजकूर. सकाळी आमच्याकडे तीन आवाज एकदम सुरू व्हायचे: आईची भाकरी थापण्याची थपथप, ताईच्या बोटांची टकटक आणि त्या मशीनच्या पंख्याची घरघर, जी दम्याच्या माणसासारखी मध्येच अडायची आणि पुन्हा लागायची. ताई टाइप करताना खालचा ओठ दातात धरायची. कोणाकोणाची कुलदैवतं, कोणाच्या मामांची नावं, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" असलं पोरांच्या तोंडी घातलेलं वाक्य, सगळं ती शांतपणे टाइप करत राही. दुसऱ्यांची लग्नं अशी छान ओळीत लावताना तिच्या मनात काय येत असेल, हा प्रश्न मला पडायचा. विचारायची हिंमत मात्र कधी झाली नाही.

ते काम द्यायचे प्रेसवाले भगवानकाका. एक दिवस ते स्वतः सायकल टेकवून दारात आले. म्हणाले, "पोरी, आता लोकायले गणपती रंगीत पायजे, वेलबुट्टी पायजे. त्याचा नवा प्रोग्राम आला हाये, पण तो तुह्या या जुन्या विंडोजवर चालत नाही. नवी टाकून घे. दसरा झाला का एक नमुना काढून दाखव. जमला तर तुळशीच्या लग्नापासून साऱ्या पत्रिका तुह्याकडं. नाही तर मले जालन्याले द्याव्या लागतीन." तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे लग्नाचा हंगाम उघडतो. म्हणजे सगळं वर्ष त्या एका नमुन्यावर येऊन थांबलं.

बाबांनी त्या रात्री जेवताना निकाल दिला. ते ताटातून मान वर न करता बोलले, म्हणजे मला कळलं की हे ठरलेलं आहे. "तुझ्या सासऱ्यांचा फोन आला होता कचेरीत. दसऱ्याले सोनं द्यायले येऊन राह्यले. तवपर्यंत हे काम तुह्या हाताले लागलं तर राहा, मी एक शब्द बोलणार नाही. नाही लागलं तर त्यायच्यासंगं जायचं. वर्ष झालं उज्ज्वला, लोक विचारतेत." ताई "हाव" म्हणाली आणि तिनं ताकाचा वाडगा त्यांच्याकडे सरकवला.

आता नवी विंडोज टाकायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आईला वाटलं खिडकीचं काही आहे, मग वाटलं नवीन मशीन आणायचं आहे. बालाजीच्या गल्लीत इंटरनेटचं दुकान चालवणारे गजूभाऊ आले तेव्हा त्यांनी समजावायचा प्रयत्न केला. गजूभाऊ ताईच्याच वर्गातले, अंगानं गोल आणि स्वभावानं बिनधास्त. कशालाही "काही होत नाही" म्हणायची त्यांना सवय होती.

"काकू, मशीन हेच राहीन. आतलं बदलाचं."

"आतलं म्हंजे?"

"म्हंजे... जे चालवते मशीनले, ते. जुनं पुसाचं, नवं भराचं."

"पुसाचं? मंग हिनं वर्षभर केलेलं काम?"

"ते काढून ठेवू ना आपण फ्लॉप्यांवर. काही होत नाही."

"आन् पुसल्यावर नवं भरेपर्यंत मधात काय राहीन मशीनमधी?"

गजूभाऊंनी डोकं खाजवलं. "मधात काही राहत नाही काकू. मधात रिकामं."

आईला हे अजिबात आवडलं नाही. घर बदलताना आधी नव्या घरात पाण्याची कळशी आणि मीठ नेऊन ठेवतात, मग जुनं सोडतात, एवढं तिला माहीत होतं. आधी सगळं पुसून रिकामं बसायचं आणि मग नव्याची वाट पाहायची, हा कसला कारभार, असं ती दोन दिवस धुसफुसत होती. गजूभाऊ शनिवारी मोकळे होते, पण बाबा म्हणाले घट बसलेत, घटात असलं काही सुरू करायचं नाही. दसरा साडेतीन मुहूर्तातला, पंचांग बघायचीही गरज नाही, दसऱ्यालाच टाकू. मला मनात वाटलं की दुपारी ताईचे सासरे येणार आणि सकाळी हे सुरू करणार, बाबांना नेमकं काय हवंय? ताई राहावी असं वाटतंय की नाही? त्यांचा चेहरा पाहून काहीच कळत नसे. मी फक्त झेंडूची फुलं ओवत राहिले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शेती फार नव्हती, पण मानाची हत्यारं सगळी. विळा, खुरपं, आईची विळी, शिलाई मशीन, बाबांची लुना आणि त्यांचं शाईचं पेन. त्या वर्षी पाटावर भगवानकाकांनी आणून दिलेली नव्या विंडोजची सीडीही मांडली गेली. कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, उंदराला म्हणजे माऊसला हळदकुंकवाचं बोट लागलं, नैवेद्य दाखवला. पूजेत ठेवलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत, म्हणून ताईची बोटं दिवसभर रिकामी होती. ती पायरीवर बसून बालाजीच्या दसऱ्याच्या यात्रेतल्या पाळण्यांचे भोंगे ऐकत होती. मी शेजारी जाऊन बसले. "ताई, नाही झालं तर?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "होईन गं. गजू म्हणते ना काही होत नाही." तिची टाच मात्र पायरीवर सारखी वरखाली होत होती.

दसऱ्याला सकाळीच पुरण शिजायला टाकलं होतं. घरभर गूळ आणि जायफळाचा वास. गजूभाऊ नवा शर्ट घालून आले. त्यांनी सीडी त्या खोबणीत सरकवली, मशीन घरघरलं आणि पडदा निळा झाला. निळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. ती वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं. मी वाचत होते आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं, हे मी कोणाला सांगितलं नाही. "हे काय विचारून राह्यलं?" ताई विचारायची. मी म्हणायची, "तो म्हणतोय पुढं जायचं का." ताई म्हणायची, "मग जा." एका ठिकाणी ते मशीन म्हणालं की आता यातलं सगळं नाहीसं होईल, नक्की ना? हे मात्र मला नीट कळलं. गजूभाऊ "काही होत नाही" म्हणाले. ताईनं ओठ दातात धरला आणि स्वतः बटण दाबलं.

पिवळी पट्टी हळूहळू भरत गेली, पुसण्याचं काम झालं. मग नवं भरायला सुरुवात झाली. थोडं गेलं, आणि थांबलं. अमुक एक फाइल घेता येत नाही, पुन्हा प्रयत्न करू का? करा. पुन्हा तेच. पुन्हा करा. पुन्हा तेच. तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे तेव्हा भारनियमन असं होतं की लाईट आली तर लोक चकित व्हायचे, पण सणाला तरी ठेवतील असं वाटलेलं. लाईट आली तेव्हा पहिल्यापासून सगळं पुन्हा, आणि पुन्हा त्याच्या आसपासच अडलं. गजूभाऊंचा नवा शर्ट पाठीला चिकटला. आधी ते म्हणाले सीडी खराब असेल. मग म्हणाले मशीनची मेमरी कमी पडत असेल. मग म्हणाले व्होल्टेज. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "मुहूर्ताची वेळ टळली असंन." आई पुरण वाटता वाटता ओरडली की बाहेरच्या कोण्या बाईची नजर लागली असेल. प्रत्येकाला एक कारण सापडलं होतं आणि एकाही कारणानं ती पट्टी पुढे सरकत नव्हती. शेवटी मशीन बंद करून चालू केलं तर पडदा काळा, आणि त्यावर एकच ओळ. मी वाचली. "तो म्हणतोय, मला चालवणारं कोणी सापडत नाही."

आता हे लिहिताना हसू येतं. माझ्या मोबाईलमध्ये हल्ली मी झोपलेली असताना सगळं बदलून जातं, सकाळी उठून पाहावं तर घड्याळ दुसऱ्याच कोपऱ्यात, आणि मला कोणी विचारलेलंही नसतं. मुलगा म्हणतो, "आई, अपडेट आलं." मी म्हणते, बरं. पण त्या दिवशी त्या काळ्या पडद्याकडे पाहताना मी जेवढी घाबरले, तेवढी पुढे नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा घाबरले नाही.

ताईनं सीडी बाहेर काढली. ती चांगलीच गरम झाली होती. तिनं ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरली, मग नाकाजवळ नेली. "गजू, याले गोड्या तेलाचा वास येते."

गजूभाऊंनी हातात घेतली. "मी म्हटलं रंगच असा गुलाबी हाये. सीड्या हिरव्या येतेत, सोनेरी येतेत..."

आम्ही सगळे स्वयंपाकघराकडे पाहायला लागलो. आई पदराला हात पुसत बाहेर आली, आणि आमचे चेहरे पाहून तिला आधी वाटलं की पुरण करपल्याचा वास आला. मग ताईनं सीडी दाखवली. आईनं सरळ सांगितलं. लोखंडाच्या हत्यारावर कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून ते तेलात कालवतात, तसं तिनं सगळ्यांसाठीच कालवलं होतं. सीडीच्या एका बाजूला अक्षरं होती, आणि अक्षर म्हणजे सरस्वती, त्यावर तेलाचं बोट कसं ठेवायचं? म्हणून तिनं दुसऱ्या, कोऱ्या, चकचकीत बाजूला स्वस्तिक काढलं. सकाळी पूजा उतरवताना पदरानं स्वच्छ पुसूनही घेतलं. "मी काय वाईट केलं? तुह्यासाठीच तर मांडली होती पूजेत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

ताईनं सीडी कोमट पाण्यानं आणि रिठ्यानं धुतली. सीडी चकचकीत झाली. पण गजूभाऊंनी पेचकसानं ती खोबण, म्हणजे सीडीचा ड्राइव्ह, बाहेर काढून उघडला तर आत सगळीकडे बारीक लालसर चिकट थर. एवढ्या वेगानं फिरते ती, कुंकू उडून ड्राइव्हच्या डोळ्यात, म्हणजे सीडी वाचणाऱ्या भिंगावर गेलं होतं. कापसानं पुसलं, फुंकर मारली, भजनाची दुसरी एक सीडी घालून पाहिली. तीही वाजेना. "नवा ड्राइव्ह लागीन," गजूभाऊ म्हणाले. "आपल्याकडं नाही भेटत. जालन्याहून आणा लागीन. पण आज दसरा, मले गावी जायाचं हाये, घरी पूजा थांबली. परवा पाहू." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी "काही होत नाही" म्हटलं नाही. ते गेले. मशीन उघडं, वायरी बाहेर, गळ्यात झेंडूची माळ, असं ते कोठीशेजारी राहिलं.

आणि दारात ताईचे सासरे उभे. डोक्यावर टोपी, धुतलेलं धोतर, हातात आपट्याच्या पानांची फांदी. त्यांना पाहिलं की मला नेहमी बरं वाटायचं, आणि त्या दिवशी बरं वाटतंय याचाच राग आला. ते बैठकीत बसले, पाणी प्याले, बालाजीच्या गर्दीचं बोलले, कापसाचं बोलले. मग आईकडे पाहून म्हणाले, "पोरीले बोलवा."

ताई आली. हाताला तेल, कुंकू आणि रिठ्याचा फेस. तिनं ते पदराला पुसले आणि वाकून नमस्कार केला. म्हाताऱ्यानं तिच्या हातात सोनं दिलं.

"बाई, मी दुसऱ्यांदा आलो. आमच्यात काई खोट असंन तं सांग. मी नीट करतो."

"तुमच्यात नाही मामाजी. तुमी देवासारखे."

"मंग चाल ना घरी."

मी दाराच्या आड उभी होते. मला वाटलं आता ती रडेल, किंवा बाबांकडे पाहील, किंवा म्हणेल की परवापर्यंत थांबा, ड्राइव्ह आला की काय ते ठरवू. शब्द तसाच होता ना, काम हाताला लागलं तर राहा. आणि काम तर वायरी बाहेर काढून पडलं होतं. तिच्या हातात आता दाखवायला काहीच नव्हतं.

"नाही येत मामाजी," ताई म्हणाली.

बाबांनी घसा खाकरला. "उज्ज्वला, आपलं काय ठरलं होतं? आन् हे मशीन चालूच नाही झालं तर?"

"नाही झालं तर नाही झालं. शिकवण्या घेईन. शिवण शिकीन. बाबा, मी मशीनसाठी राहून नाही राह्यली." तिचा आवाज चढलाही नाही आणि कापलाही नाही. "तिकडं मी पुन्हा गेली तर मी मुकी होईन. मले मुकं नाही व्हायचं."

 बाहेर पाळण्याचा भोंगा सुरू होता. मला इतकं गोंधळल्यासारखं झालं होतं की काय चूक, काय बरोबर, कोणाची बाजू घ्यायची, काही उमगेना. ताईनं बाबांचा शब्द मोडला होता, आणि तरीही मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं. आईनं ताटं वाढली. सासऱ्यांनी पोळीचा घास मोडला, थोडं दूध घेतलं आणि हात धुतला. "मुलाले मीच बोलाया शिकवाले पायजे होतं," असं काहीसं ते स्वतःशीच पुटपुटले. बाबा उठले, त्यांनी एक पिशवी घेतली आणि म्हणाले, "चाला, मी येतो स्टँडपर्यंत."

बाबा जेवलेही नव्हते. तासभर झाला, दोन तास झाले, आले नाहीत. शेजारच्या वहिनी सोनं द्यायला आल्या, त्यांनी सांगितलं की काका स्टँडवर पाहुण्यासोबत होते आणि मग तेही गाडीत चढताना दिसले. आईनं पोळ्यांवर कापड ओढलं. "गेले मेहकरले. त्यायच्या पाया पडाले गेले असतीन. आता घेऊनच येतेत जावयाले," ती म्हणाली. पुरणपोळ्यांचा ढीग तसाच कापडाखाली झाकलेला, कटाच्या आमटीवर साय धरलेली. ताई मधल्या खोलीत गेली आणि उघड्या मशीनमधल्या वायरी एकेक करून सरळ करत बसली. तिला त्यातली एकही वायर माहीत नव्हती, पण तिचे हात थांबत नव्हते. मी तिच्याजवळ बसले.  मला सारखं वाटत होतं की बाबा जावयाला घेऊन आले तर ताई काय करेल, आणि मी काय करेन, आणि पोळ्या कोणाला वाढायच्या.

दिवेलागणीला फाटक वाजलं. बाबा एकटेच होते. शर्ट चुरगळलेला, केस विस्कटलेले, काखेत एक खोका. त्यांनी पिशवीतून पेपरात गुंडाळलेली वस्तू काढून कोठीवर ठेवली. तो आमचा खराब झालेला ड्राइव्ह होता. "हा दाखवला दुकानदाराले," ते म्हणाले. "म्हटलं, असाच द्या. दसऱ्याची केवढी गर्दी दुकानात. येताना गाडीत उभ्यानं आलो."

ताईनं खोका हातात घेतला. वरचं जालन्याच्या दुकानाचं नाव वाचलं. मग तिनं बाबांकडे पाहिलं, आणि वर्षभरात जी बाई आमच्यासमोर एकदाही रडली नव्हती तिचे डोळे भरून आले.

"बाबा, तुमी मेहकरले नव्हते गेले?"

बाबांनी रिकामी पिशवी खुंटीला लावली. "मेहकरले आता आपलं काय काम?" ते म्हणाले, आणि आईला म्हणाले, "वाढ आता. भूक लागली."